पाइपातलं पाणी किती वेगानं धावावं?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं पाइप, मोटार आणि टाकीबद्दलची होती. तक्रारी वेगवेगळ्या आहेत: कुणाची टाकी भरत नाही, कुणाच्या भिंतीत ठोके पडतात, कुणाची शेतातली लाइन फुटते. मुळाशी मात्र एकच गोष्ट आहे. पाइपाचा व्यास ठरवताना पाण्याच्या वेगाचा हिशेब कुणी केलेला नाही.

हा हिशेब घरच्या घरी करता येतो. मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. २० लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर ते मिनिटाला ६० लिटर. या आकड्याला २१.२ ने गुणा. मग पाइपाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याच्या वर्गानं भागा. येणारं उत्तर म्हणजे दर सेकंदाला किती मीटर, हा वेग. खालची उत्तरं याच सूत्रावर उभी आहेत.

प्रश्न : आमचं दुमजली घर आहे. तळातल्या हौदातून गच्चीवर पाणी चढवायला १ एचपीचा मोनोब्लॉक पंप आहे. पाइप पाऊण इंची सीपीव्हीसी, लांबी साधारण २० मीटर, वाटेत आठ एल्बो. १,००० लिटरची टाकी भरायला २४ मिनिटं लागतात. मिस्त्री म्हणतो, दीड एचपीचा पंप घ्या. घ्यावा का? – एक वाचक, जुळे सोलापूर

पंप घेऊ नका, पाइप बदला.

२४ मिनिटांत १,००० लिटर म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ लिटर. पाऊण इंची सीपीव्हीसीचा (हा प्लास्टिकचा पाइप; एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) आतला व्यास जेमतेम १८ मिमी असतो. वेग येतो २.७ मीटर. चढत्या लाइनीला आम्ही १.५ धरतो आणि फार तर २ पर्यंत चालवून घेतो. ३ ही शेवटची हद्द आहे, तिथं पोचायचंच नाही.

इंचाच्या नावानं फसगत होते ती इथंच. जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाऊण इंची मध्यम वजनाचा पाइप आतून २१.६ मिमी भरतो. सीपीव्हीसीचं माप बाहेरून धरलेलं असतं आणि भिंत जाड असते, म्हणून आतली वाट अरुंद होते. जुना जीआय काढून ‘त्याच मापाचा’ सीपीव्हीसी टाकला, की पाण्याच्या वाटेचं क्षेत्रफळ जवळपास ३० टक्क्यांनी घटतं. एक इंची सीपीव्हीसी आतून २३.४ मिमी आणि सव्वा इंची २८.६ मिमी असतो. एक इंची जीआय २७ मिमी. म्हणजे जीआयच्या एक इंचीला तोडीस तोड हवा असेल तर सीपीव्हीसीचा सव्वा इंचीच घ्यावा लागतो.

आता तुमचा पंप कुठं दमतो ते पाहू. हौदापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची उंची, पंपाची ओढ धरून, ११ मीटरच्या आसपास असेल. आठ एल्बोंचा अडथळा प्रत्येकी पाऊण मीटर पाइपाइतका धरा, म्हणजे लाइन २६ मीटरची झाली. मिनिटाला ४२ लिटर नेताना या २६ मीटरमध्ये घर्षणापायी ११ मीटर जातात. पाणी चढवायला लागतो तेवढाच जोर पाइपाला घासण्यात संपतो. सव्वा इंची लाइनीतून मिनिटाला पूर्ण ६० लिटर नेले तरी घर्षणात अडीच मीटरहून कमी जातील आणि वेग १.५५ राहील. टाकी १७ मिनिटांच्या आसपास भरेल. नेमका आकडा तुमच्या पंपाच्या तक्त्यावर ठरेल.

दीड एचपीचा पंप याच पाऊण इंचीवर बसवला तर काय होईल? घर्षण वेगाच्या जवळपास वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पाणी थोडं वाढेल, बिल मात्र बरंच वाढेल आणि एल्बोचे जोड सतत दाबाखाली राहतील.

एक काळजी मात्र घ्या. अडथळा कमी झाला की असा पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त अँपिअर ओढतो. पाइप बदलल्यावर क्लॅम्प मीटरनं करंट मोजून घ्या. पंपाच्या पाटीवरच्या आकड्याच्या वर जात असेल तर डिलिव्हरीवरचा (पाणी बाहेर पडणाऱ्या पाइपावरचा) गेट व्हॉल्व थोडा आवळा. पाटीवर हेडचा, म्हणजे पंप किती मीटर पाणी चढवतो त्याचा, पल्ला लिहिलेला असतो. त्यातल्या कमीत कमी हेडच्या खाली पंप चालवला तर वाइंडिंग जळतं. आणि लाइन बदलतच आहात तर आठ एल्बोंचे पाच करा. भिंतीला वळसे घालत नेलेली लाइन दिसायला नेटकी असली तरी पाण्याला ती लांब पडते.

प्रश्न : होटगी रोडवर सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतो. फ्लश व्हॉल्व सोडला की भिंतीत ‘धाड’ असा आवाज येतो, रात्री तर शेजारीही जागे होतात. वॉशिंग मशिनच्या वेळी असंच होतं. प्लंबर म्हणतो, प्रेशर जास्त आहे, प्रेशर कमी करणारा व्हॉल्व लावा. – एक वाचक

तो ठोका दाबाचा कमी आणि वेगाचा जास्त आहे. गच्चीवरची टाकी तुमच्या न्हाणीघरापेक्षा २० मीटर उंच धरली तर दाब होतो २ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). हा काही फार नाही. त्या व्हॉल्ववर खर्च करू नका.

फ्लश व्हॉल्व सेकंदाला सुमारे दीड लिटर पाणी मागतो, म्हणजे मिनिटाला ९०. तुमच्या फांदीचा (मुख्य लाइनीतून फ्लशकडे फुटणारा) पाइप एक इंची सीपीव्हीसी असेल तर वेग होतो साडेतीन मीटर. पळणारं पाणी एकदम अडलं की त्याचा सगळा जोर दाबात बदलतो आणि दाबाची लाट पाइपातून मागं पळत जाते. सीपीव्हीसीत ही लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते, जीआयमध्ये १,३०० मीटरच्या वर. थांबलेल्या वेगाला लाटेच्या वेगानं गुणून १०० नं भागलं की दाबातली वाढ साधारण किलोत मिळते. वेगातला प्रत्येक १ मीटर झटक्यात थांबला तर सीपीव्हीसीत सुमारे ५ किलो दाब वाढतो आणि जीआयमध्ये १३ किलोच्या पुढं. साडेतीन मीटरला सीपीव्हीसीतही १७ किलो होतात.

‘झटक्यात’ म्हणजे किती वेळात, हे लाइनीच्या लांबीवर ठरतं. लाट टाकीपर्यंत जाऊन परत यायच्या आत व्हॉल्व मिटला तर पूर्ण मार बसतो. तुमची लाइन २४ मीटरची धरली तर हा वेळ सेकंदाचा दहावा भाग आहे. हातानं नळ मिटायला साधारण सेकंदाचा तिसरा भाग लागतो, म्हणून १७ ऐवजी पाच-सहा किलोवर भागतं. वॉशिंग मशिनचा विजेवरचा व्हॉल्व मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत बसतो, त्यामुळं तिथं पाणी कमी असूनही ठोका मोठा. आणि वॉशर झिजलेला फ्लश व्हॉल्व सावकाश मिटत येतो नि शेवटी एकदम आपटतो. तुमचा बहुधा तसाच असेल.

म्हणून आधी स्वस्तातलं करा. फ्लश व्हॉल्वचा वॉशर आणि आतला संच बदला, बाजूचा स्क्रू फिरवून पाणी कमी करा. त्यानं आवाज निम्म्यावर आला तर दुखणं सापडलं. मग पाइपाचे क्लॅम्प बघा: एक इंची आडव्या सीपीव्हीसीला दर ९० सेंटिमीटरला आधार हवा, क्लॅम्पच्या आत रबर हवं. सुटा पाइप भिंतीवर आपटतो, तेव्हा लहानसा ठोकाही मोठा ऐकू येतो. वॉशिंग मशिनच्या नळाला सीलबंद, आत पिस्टन असलेला धक्काशोषक बसवा. टी काढून वर बंद टोकाचा वीतभर पाइप ठेवण्याची जुनी रीत आहे, पण त्यातली हवा हळूहळू पाण्यात विरते आणि नळी पाण्यानं भरून निकामी होते. मग लाइन रिकामी करून तिच्यात पुन्हा हवा भरावी लागते आणि हे पुढं कुणी करत नाही.

एवढ्यानं भागलं नाही तर फ्लशची फांदी दीड इंची करा. वेग १.७ वर येतो, ठोका निम्म्याहून कमी होतो. न्हाणीघराचं काम काढणारच असाल तर फ्लश व्हॉल्व काढून साधी फ्लशची टाकी बसवणं आम्हाला जास्त पसंत आहे. ती सावकाश भरते आणि अर्धा इंची लाइनीवर निवांत चालते.

प्रश्न : सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. बोअरवरून शेततळ्यात पाणी नेतो. मोटार ५ एचपी, पाइप दोन इंची (६३ मिमी) पीव्हीसी, ६ किलोचा, लांबी ९०० मीटर, चढ २५ मीटर. लाइट गेली की दर चार-आठ दिवसांनी बोअरजवळ पाइप फुटतो. पाइप निकृष्ट आहे का? – एक शेतकरी

पाइपाला दोष देण्याआधी हा हिशेब बघा. तुमची मोटार तळ्यात मिनिटाला २४० लिटर टाकते असं धरू. ६ किलोचा ६३ मिमी पाइप आतून साधारण ५८ मिमी. वेग १.५ मीटर. आकडा वाईट दिसत नाही, पण लाइन ९०० मीटरची आहे. एवढ्या लांबीत घर्षण ३४ मीटरचं होतं. त्यात चढाचे २५ मिळवले की बोअरच्या तोंडाशी ५९ मीटर, म्हणजे ५.९ किलो दाब. ६ किलोच्या पाइपावर रोज चालू अवस्थेतच ५.९ आहे, जादा दाबाला जागाच नाही.

आता लाइट जाते. पंप थांबतो, पण पाइपातलं पाणी पुढं जातच राहतं. बोअरजवळ दाब कोसळतो, कधी पोकळीही होते. मग पाणी उलटं फिरून खाली येतं आणि मिटलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्ववर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवर) आदळतं. पातळ भिंतीच्या पीव्हीसीत दाबाची लाट सेकंदाला सुमारे ३५० मीटर जाते. १.५ मीटर वेगाला ठोका पाच-सव्वापाच किलोचा. चढाचे अडीच किलो धरून पावणेआठ. ६ किलोचा पाइप फुटणारच, आणि जिथं दाब सर्वांत जास्त तिथं, बोअरजवळच फुटणार.

अडीच इंची (७५ मिमी) घेतला तर वेग १.०५, घर्षण १४ मीटर, ठोका धरून सव्वासहा किलो. थोडक्यात हुकतं. तीन इंची (९० मिमी) घेतला तर वेग ०.७, घर्षण साडेपाच मीटर आणि ठोक्यासह दाब ५ किलो. ६ किलोच्या पाइपात हे बसतं. आमचं मत तीन इंचीच्या बाजूनं. पैसे एकदम निघत नसतील तर बोअरपासूनचे पहिले ३०० मीटर ७५ मिमीच्या १० किलोच्या पाइपाचे करा आणि पुढचे ९० मिमीचे. १० किलोच्या पाइपाची भिंत जाड असल्यानं आतला व्यास थोडा कमी भरतो, तो मोजून हिशेबात घ्या. घर्षण घटल्यावर तीच मोटार जास्त पाणी देईल, म्हणून पहिल्या उत्तरातली अँपिअरची गोष्ट इथंही लागू आहे. बोअरचा उपसा तेवढा आहे का, तेही बघा.

पाइप बदलेपर्यंत करायच्या गोष्टी अशा. ऑटो स्टार्टरला वेळेचा रिले बसवा, लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबूनच मोटार सुरू होऊ दे. लाइन हेलकावत असताना पंप लागला तर दुसरा ठोका बसतो. जमिनीच्या प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व हवा. तो हवा बाहेर सोडतो आणि पोकळी झाली की आतही घेतो. रिकामी लाइन भरताना व्हॉल्व थोडाच उघडा, पाणी सेकंदाला फूटभर चाललं तरी पुरे. तळ्याकडचा बॉल व्हॉल्व मोटार चालू असताना एका झटक्यात कधीच मिटू नका. ९०० मीटरच्या लाइनीत दाबाची लाट जाऊन परत यायला पाच सेकंद लागतात. त्याआधी व्हॉल्व मिटला की पूर्ण मार. इमारतीतल्या नळाला हाच वेळ सेकंदाचा दहावा भाग होता, हे लक्षात घेतलं की शेतातली लाइन इतकी का फुटते ते समजतं.

आणखी दोन गोष्टी. पीव्हीसीवर लिहिलेला दाब २७ अंश तापमानाचा असतो. सोलापूरच्या मे महिन्यात उघड्यावर पडलेला पाइप ४५ अंशांच्या वर सहज जातो आणि तेव्हा त्याची ताकद साठ-पासष्ट टक्केच उरते. ६ किलोचा पाइप ४ किलोचा होतो. म्हणून पाइप दोन-अडीच फूट जमिनीत गाडा. दुसरं, वळणावर पाणी पाइपाला बाहेर रेटतं. ९० मिमीच्या काटकोनी बेंडवर ६ किलो दाबाला हा रेटा सुमारे ५५० किलोंचा असतो. बेंडच्या पाठीमागं न उकरलेल्या घट्ट जमिनीला टेकेल असा काँक्रीटचा ठोकळा ओता, नाहीतर सोल्युशनचा जोड तिथं निसटेल.

प्रश्न : आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. पहिली पंधरा-वीस मिनिटं गढूळ असतं, मग स्वच्छ होतं. उजनीचं पाणी शुद्ध करूनच सोडतात ना? – एक वाचक, शेळगी

शुद्ध करूनच सोडतात. गढूळपणा बहुतेक वेळा रस्त्याखालच्या लाइनीत तयार होतो. वेगाला वरची हद्द असते तशी खालचीही असते. सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास वेग राहिला तर बारीक गाळ पाण्याबरोबर वाहून जातो. तो ०.३ च्या खाली गेला की गाळ आणि गंज तळाशी बसतो. लाइनीच्या शेवटच्या टोकाला वेग नेहमीच कमी असतो. पुरवठा बंद असताना तर पाणी थांबलेलंच असतं. मग पाणी सुटतं तेव्हा रिकाम्या पाइपातून ते एकदम धावतं आणि चार दिवसांचा बसलेला गाळ उठवून तुमच्या नळाला आणतं.

पहिलं पाणी वेगळ्या पिंपात घ्या. ते धुण्याला, अंगणाला चालतं. स्वच्छ धार लागली की मग हौदाचा व्हॉल्व उघडा. त्यासाठी हौदाच्या आधी एक टी आणि दोन बॉल व्हॉल्व बसवले की काम सोपं होतं. वीस मिनिटांनंतरही पाणी गढूळ राहिलं किंवा वास आला तर मात्र ते गाळाचं लक्षण नाही. जवळपास कुठंतरी गळती आहे आणि बंद काळात बाहेरचं पाणी आत शिरतं. महापालिकेकडे लगेच तक्रार करा आणि तोवर पाणी उकळून प्या.

याच कारणानं नळाला थेट मोटार लावू नये. नियमात ते बसत नाहीच. शिवाय मोटारीच्या ओढीनं लाइनीत दाब वातावरणाच्या खाली जातो आणि प्रत्येक फटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते तुमच्याही घरात येतं आणि पुढच्या घरांतही.

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं डाइंग युनिट आहे. ७० अंशांचं पाणी २८ मिमी तांब्याच्या रिंग लाइनीतून सतत फिरतं, पंप मिनिटाला ७० लिटरचा. दोन वर्षांत एल्बोच्या पुढं सुईसारखी भोकं पडू लागली. पाणी खराब आहे का? – एक वाचक

एल्बोजवळचा तुकडा कापून उभा चिरा. आत घोड्याच्या नालेसारखे खड्डे असतील आणि धातू लखलखीत दिसत असेल तर पाण्याच्या वेगानं तांबं खरवडलं जातंय. तांब्यावर एक पातळ संरक्षक थर असतो. गरम पाणी वेगानं घुसळलं की तो टिकत नाही. थंड पाण्याला २.४ मीटर चालतात, ६० अंशांपर्यंतच्या पाण्याला १.५, आणि त्यापुढं ०.६ ते ०.९ च. २८ मिमी पाइप आतून २६ मिमी धरला तर तुमचा वेग २.२ येतो. हद्दीच्या दुपटीहून जास्त.

फिरतं पाणी फक्त पाइपातून निसटणारी उष्णता भरून काढतं. चांगलं इन्सुलेशन असलेल्या १०० मीटर लाइनीतून सुमारे १ किलोवॉट उष्णता जाते असं धरलं आणि ५ अंशांची घट चालवून घेतली, तर मिनिटाला ३ लिटर पुरतात. दुप्पट-तिप्पट धरून १० करा, वेग ०.३ वर येईल. ७० लिटरचा पंप काढून लहान पंप बसवा. मशिनला एकदम जास्त पाणी लागत असेल तर मशिनजवळ गरम पाण्याची टाकी ठेवा, ते पाणी रिंगमधून खेचू नका. नवे तुकडे जोडताना पाइप कापल्यावर आतली धारदार कड घासून काढायलाच हवी. ती राहिली की तिच्या मागं भोवरा तयार होतो आणि पहिलं भोक तिथंच पडतं. एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरा.

बोअरचं जड पाणी वापरत असाल तर जीआयच्या लाइनीही तपासा. २७ मिमीच्या पाइपात चहूबाजूंनी ३ मिमी क्षार बसले की वाट २१ मिमीची उरते आणि तेवढ्याच पाण्याला वेग ६५ टक्क्यांनी वाढतो.

प्रश्न : विहिरीवरचा पंप खडखडतो, पाणी तुटक येतं. पाणी पंपापासून सात मीटर खाली आहे. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्ही दोन इंची. – एक वाचक, बाळे

सात मीटर फार झाले. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, त्यामुळं हवेचा दाब इथं ९.८ मीटर पाण्याइतकाच मिळतो. त्यातून पाण्याची वाफ, पाइपाचं घर्षण आणि पंपाची स्वतःची गरज वजा केली की हाती पाच-सहा मीटर राहतात. पंप खाली उतरवून पाण्यापासून साडेचार-पाच मीटरवर बसवा. सक्शनमध्ये (विहिरीतून पंपापर्यंतच्या पाइपात) वेग १ मीटरच्या आत, फार तर १.२ ठेवा. त्यासाठी सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा, म्हणजे अडीच इंची हवा. पाइप पंपाकडे सतत चढता ठेवा, मध्ये उंचवटा राहिला की तिथं हवा अडकते. पंपाच्या तोंडाशी रिड्यूसर (मोठा पाइप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एका बाजूनं सपाट असलेला घ्या आणि सपाट बाजू वर ठेवा. फूट व्हॉल्व (सक्शनच्या तळाची झडप) उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पातळीच्याही दोन फूट खाली असू दे, आणि विहिरीच्या तळापासून फूटभर वर, नाहीतर तो गाळ ओढेल.